रझिया मॅडम आणि तीन रंगांचे ठिपके

रत्नागिरीजवळ मिरजोळ्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत सकाळी फोन आला. रझिया मॅडमचा भाचा बोलत होता. "खाला गेली..." एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि समोरच्या मातीच्या नमुन्यांची वजनं करत राहिले. त्याला आता महिना झाला.

दापोलीला कृषी विद्यापीठात मी आंब्यावर संशोधन करत होते तेव्हा मॅडम आम्हाला संख्याशास्त्र शिकवायच्या, करारावर. मोहोर लवकर यावा म्हणून कलमांना घालायचं संजीवक आणि झाडामागे मिळणारा आंबा यांचा संबंध मी शोधत होते. संगणकावर प्रत्येक झाडाचा एक ठिपका मांडला, तर ठिपके सरळ वर चढत गेले. संजीवक जास्त, आंबा जास्त. आमचे प्रमुख सर खूश झाले. बागायतदारांची सभा ठरली. मात्रा वाढवा, असं मी सांगायचं होतं.

सभेच्या दिवशी बाहेर खुर्च्या भरत होत्या आणि मॅडम माझ्या शेजारी बसून आलेख बघत होत्या. "झाडांची वयं आहेत ना गो तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं आणि वयाचा रकाना गट म्हणून निवडला. ठिपके तीन रंगांत वेगळे झाले... कोवळी कलमं, मधली, जुनी. प्रत्येक रंगाची रेघ खाली उतरत होती. म्हणजे एकाच वयाच्या झाडांत संजीवक जास्त, तिथे आंबा कमी. मोठ्या झाडाला संजीवक जास्त घालतात आणि आंबाही त्यालाच जास्त लागतो. मी तो संजीवकाचा गुण समजून बसले होते.

सर दारात आले. "मॅडम, लोक येऊन बसलेत. हे नंतर बघू."

"नंतर ते बागेत गेलेले असतील, सर."

"तुमचा करार माझ्या सहीने वाढतो, ध्यानात आहे ना?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "बोलायचं तुला आहे. तू ठरव."

मी तीन रंगांचा आलेख दाखवला. सरांकडे बघायची हिंमत झाली नाही. मागून एक म्हातारे बागायतदार उठले. "म्हणजे आम्ही जास्त घातलं, ती कलमं मरतील काय?" मी मॅडमकडे बघितलं. मॅडम उभ्या राहिल्या. "ते यावरून सांगता येणार नाही. पण वाढवा, असंही सांगता येत नाही." म्हातारे खाली बसले आणि त्यांनी वहीत लिहिलेलं काहीतरी खोडलं.

मॅडमचा करार वाढला नाही. त्या रत्नागिरीला भाच्याकडे येऊन शिकवण्या घेऊ लागल्या. पुढे मीही इथेच जवळ नोकरीला लागले, पण त्यांच्याकडे क्वचितच जायची. त्या दिवसाबद्दल त्या काही बोलतील, अशी धास्ती असायची. त्या कधीच बोलल्या नाहीत, आणि तेच जड जायचं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या खोलीत गेले. भाच्याने लॅपटॉप उघडून दिला. शेवटची फाइल त्यांनी स्वतःवरच केलेली होती... रोज किती मिनिटं चालल्या आणि नाडीचे ठोके किती पडले. गट तीन: औषधाआधी, औषधानंतर, दवाखान्यातून घरी आल्यावर. पहिल्या दोन रंगांना रेघा होत्या. तिसऱ्या रंगाचे दोनच ठिपके होते, दोन दिवसांचे. तेवढ्यावरून त्यांनी रेघ ओढली नव्हती.