न मावलेली ओळ

वेलबुट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं त्याला फक्त मतदार यादी ओळखायची. बाकी सगळ्या गावाला तो वेलबुट्टीच. बोर्ड कसलाही असो, दवाखान्याचा, पंक्चरच्या दुकानाचा किंवा नुसता 'गाडी लावू नये'चा, मजकूर संपला की उजव्या कोपऱ्यातून एक हिरवी वेल निघायची, ओळीखालून लाडात वळणं घेत डावीकडे जायची आणि टोकाला एक लाल कळी उमलता उमलता थांबायची. 'येथे लघवी करू नये' या बोर्डाखालची वेल तर इतकी टवटवीत होती, की लोक म्हणायचे, हिला खतपाणी वेळच्या वेळी मिळत असणार.

छापील फ्लेक्स आले आणि बाकीचे पेंटर कुणी रिक्षा घेऊन, कुणी किराणा टाकून मोकळे झाले. हा राहिला. "मशीन अक्षर छापतं," तो म्हणायचा, "बसवत नाही. अक्षराला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते." त्यावर त्याची बायको, रंगाच्या डब्यांमधून वाट काढत चुलीपर्यंत जाताना, म्हणायची, "अक्षरांना लागते हो. माणसांचं काय, ती कुठंही मावतात." दोन खोल्यांचं घर, त्यात टर्पेंटाइनचा वास. पाहुणे आले की आधी शिंकायचे, मग बसायचे.

तर असा हा सुखी, थोडासा फुशारलेला माणूस. त्याच्या हातून वाईट काही घडेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. त्याला तर नाहीच नाही.

त्या वर्षी पाणीपुरवठा ऑफिसनं गावाच्या खालच्या अंगाच्या हातपंपांचं पाणी तपासलं आणि त्यात नायट्रेट फार निघालं. हे नायट्रेट म्हणजे मोठं गमतीचं प्रकरण. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भांडायला मात्र त्यात भरपूर दम. खताचा दुकानदार म्हणाला, हे सगळं संडासाच्या खड्ड्यांचं पाप. खड्डे बांधणारा गवंडी म्हणाला, माझे खड्डे तुमच्या बापाच्या तिजोरीपेक्षा घट्ट आहेत, हे शेतात ओतलेल्या खतांचं पाप. म्हातारे म्हणाले, आम्ही जन्मभर हेच पाणी प्यालो, आम्हाला काय झालं? यावर लोक त्यांच्याकडे एकदा नीट बघायचे आणि सभ्यपणानं गप्प बसायचे.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या मुद्द्याचं बोलल्या. मोठ्यांचा वाद सावकाश चालू द्या, आधी तान्ह्यांचं बघा. हे पाणी बाटलीच्या दुधातून बाळाच्या पोटात गेलं, तर त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळं पडतं. शिवाय पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं.

ऑफिसनं ठरवलं, प्रत्येक पंपावर बोर्ड लावायचा. काम अर्थातच वेलबुट्टीकडे आलं. मजकूर तीन वाक्यांचा. या पाण्यात नायट्रेट जास्त आहे. सहा महिन्यांखालील बाळांना हे पाणी देऊ नये. उकळूनही देऊ नये.

पत्रे आले ते सांगितल्यापेक्षा आखूड. पहिली दोन वाक्यं त्यावर अशी बसली, की वेलबुट्टी दोन पावलं मागं सरून स्वतःवरच खूश झाला. तिसरं वाक्य मात्र खाली लोंबायला लागलं. कोटाखालून सदऱ्याचं टोक बाहेर यावं तसं. त्यानं मान इकडून कलती केली, तिकडून कलती केली. मग त्याच्या मनात आलं, अरे, 'देऊ नये' म्हटल्यावर त्यात सगळं आलंच की. कच्चं देऊ नये, उकळून देऊ नये, गाळून देऊ नये. एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? ऑफिसवाल्यांना शब्द उधळायची सवयच असते. आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच्या हातानं, त्याला न विचारताच, वेल काढायला घेतली.

ऑफिसच्या साहेबांनी तयार बोर्ड बघितले. "वा! काय वळण आहे!" म्हणाले आणि सही केली. वळण बघितलं. वाचलं नाही.

शिंप्याच्या दुकानासमोरच्या पंपाशेजारी, लाकडी खांबावर तो बोर्ड ठोकत होता, तेव्हा शिंप्याची सून कळशी घेऊन आली. बाळंतपण करून माहेराहून नुकतीच परतली होती. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून बाळाला वरून पावडरचं दूध चालू होतं. तिनं बोर्ड वाचला. पुन्हा वाचला.

"काका, उकळून दिलं तर चालेल का हो? आमच्या आई म्हणतात, उकळलं की काही राहत नाही."

वेलबुट्टीच्या तोंडात दोन खिळे होते आणि डोळा बोर्ड तिरका तर नाही ना, यावर. खिळे तसेच ठेवून तो म्हणाला, "बोर्ड वाच की बाळ. सगळं लिहिलंय त्यात."

तिनं तिसऱ्यांदा वाचला. बोर्डावर उकळण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणजे उकळलेल्याला हरकत नसावी, असा तिनं अर्थ घेतला. कुणीही घेतला असता. घरी सासूनं मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि चांगलं निम्मं होईपर्यंत उकळलं. नातवासाठी कंजुषी कसली करायची!

बाळाचे ओठ निळसर झाले, मग नखं. दूध पिताना ते धापा टाकू लागलं. डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी ओळखलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्याला सुईतून औषध दिलं. तेही निळंच, म्हणजे निळेपणाला निळ्याचाच उतारा. थोड्या वेळानं बाळ गुलाबी झालं आणि एवढं रडलं, की नर्सनं हसून कानांवर हात ठेवले. बाळ वाचलं. पण सासर-माहेर दोन्ही घरांचा जीव जागेवर यायला वेळ लागला.

बातमी वेलबुट्टीला बायकोकडून कळली. ती भाजी चिरत सांगत होती, "आणि सासू गावभर सांगत सुटलीय, की सुनेला वाचता येतं, पण डोळे कुठं असतात कोण जाणे. समोर एवढा ढळढळीत बोर्ड! तरी पोरीनं तेच पाणी दिलं म्हणे. उकळून!"

वेलबुट्टीचा घास तोंडातच राहिला.

"काय झालं? तिखट झालंय?"

"नाही," तो म्हणाला. "बरं आहे."

जेवण बरं होतं, त्याचंच काही बरं राहिलं नाही. तो रस्त्यानं चालू लागला की गावभर त्याचीच अक्षरं. सलूनवर, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या भिंतीवर. एरवी प्रत्येक बोर्डाकडे तो माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं तसा बघायचा. आता मान खाली घालून जाऊ लागला. शिंप्याची गल्ली तर त्यानं सोडलीच. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "काय वेलबुट्टी, तुझा बोर्ड एवढा देखणा, की लोक मजकूर वाचायचा विसरतात!" सगळे हसले. तोही हसला. त्या हसण्याची त्याला नंतर जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

ऑफिसनं तोवर पंपांच्या दांड्यांना साखळ्या घातल्या आणि टँकर सुरू केला. वाद मात्र उकळतच राहिला. शेवटी शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सभा ठरली.

सभेच्या दिवशी सकाळी वेलबुट्टी ब्रश आणि डबा घेऊन निघाला. साखळ्या आज आहेत, उद्या निघतील, मग दुसरं एखादं बाळ? एवढा विचार चांगलाच होता. पण त्याच्या पोटात आणखी एक विचार दडून बसला होता, की ओळ लिहून टाकली म्हणजे ती नव्हती हे कुणाच्या लक्षात येणार नाही. शिंप्याच्या दुकानासमोर तो बसला. टर्पेंटाइनच्या फडक्यानं वेल पुसली आणि तिथं लिहिलं, 'उकळूनही देऊ नये.'

ओळ मावली. सहज मावली. दोन्ही बाजूंना जागा उरली.

त्या उरलेल्या जागेकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि बाकीचे बोर्ड केले.

हॉल गच्च भरला होता. स्टेजवर साहेब, डॉक्टरीणबाई आणि बाटलीबंद पाणी. खतवाला आणि गवंडी एकमेकांचे बाप काढून दमले, तशी सभा शिंप्याच्या सुनेवर आली. ती पुढच्या रांगेत होती, मांडीवर बाळ, खांद्याला बाळाची पिशवी, शेजारी सासू. वेलबुट्टी आणि त्याची बायको मागं, तिसऱ्या रांगेत.

"झालं ते वाईटच झालं," साहेब म्हणाले. "पण ऑफिसनं सूचना दिली होती."

सून उभी राहिली. "उकळूनही देऊ नका असं नव्हतं लिहिलेलं, साहेब."

"ताई, हा आजच काढलेला फोटो आहे." साहेबांनी खूण केली आणि पडद्यावर बोर्ड आला. मोठ्ठा. तीन वाक्यं, ठसठशीत. हॉलमध्ये कुजबुज झाली.

"ती... ती ओळ नव्हती तिथं," सून म्हणाली. "मी तीनदा वाचला होता बोर्ड. मी विचारलंही होतं."

"कुणाला?"

तिनं मागं वळून बघितलं. वेलबुट्टीशी तिची नजरानजर झाली. तिला वाटत होतं, पेंटर बिचारा, दिलं ते लिहिणारा माणूस, त्याला काय ठाऊक असणार. तिनं मान खाली घातली. "असंच. एकांना."

"अगं बस खाली!" सासू कळवळून म्हणाली. "चुकलीस ते चुकलीस, आता चारचौघांत खोटं तरी बोलू नकोस!"

वेलबुट्टी उभा राहिला. उभं राहायचं त्यानं ठरवलं होतं असं नाही. बसणं होईना, इतकंच.

"ती खोटं बोलत नाही. ती ओळ मी आज सकाळी लिहिली."

साहेब क्षणभर गोंधळले, मग त्यांचा चेहरा खुलला. "हां, म्हणजे पुसट झाली होती, ती तुम्ही गिरवलीत!"

केवढी मोठी पळवाट! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते 'हो' त्याच्या जिभेवर आलंसुद्धा. शेजारी बसलेली बायको वर बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं, की हिला कळलंय.

"नाही साहेब. पुसट नाही, नव्हतीच. तुमच्या कागदात होती. मी गाळली. आणि या पोरीनं मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, सगळं लिहिलंय त्यात."

"अहो, पण गाळली का?"

आता काय सांगणार? त्यानं खरं तेच सांगितलं. "मावत नव्हती."

मागून कुणीतरी विचारलं, "आणि वेल कशी मावली?"

एकदम हशा उठला आणि तसाच अर्ध्यावर बसला. बाळानं झोपेत हुंकार दिला, तो सगळ्या हॉलला ऐकू आला. वेलबुट्टी उभाच राहिला. बस म्हणायला कुणी नव्हतं.

डॉक्टरीणबाई साहेबांकडे वळल्या. "बोर्ड तुम्ही पास केले होते ना? वाचून?"

साहेबांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि ते बराच वेळ पाणी पीत राहिले. मग गवंडी उठून काहीतरी म्हणाला, खतवाल्यानं उलट उत्तर दिलं आणि सभा पुन्हा आपल्या ओळखीच्या रस्त्याला लागली. पुढच्या रांगेत सासू मात्र हललीही नव्हती. नंतर तिनं सुनेकडे न बघता, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला घेतली.

सभा सुटल्यावर वेलबुट्टी शाळेच्या पायऱ्यांशी थांबला. बायको "मी पुढं होते" एवढंच म्हणाली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. लोक त्याला वळसा घालून जात होते. एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, "हिंमत केलीस!" ती थाप त्याला टोचली.

सून बाहेर आली. त्याच्यासमोर थांबली. बाळ जागं झालं होतं आणि वेलबुट्टीच्या शर्टावरच्या हिरव्या डागाकडे टक लावून बघत होतं.

"बाळ..." त्यानं सुरुवात केली, आणि आपण तिला म्हणतोय की लेकराला, हे त्याचं त्यालाच कळेना.

"काका, तुम्ही उठलात ना," ती म्हणाली, "तेव्हा आधी मला बरं वाटलं. वाटलं, सुटले बाई. राग असा आलाच नाही." तिनं बाळाची टोपी सारखी केली. "तो आत्ता येतोय."

"येऊ दे," वेलबुट्टी म्हणाला.

"फार येतोय, काका."

त्यानं मान हलवली. ती बोलत राहिली, तो ऐकत राहिला. सासू पिशवी सांभाळत बाजूला उभी होती, आणि घरी चल असं काही तिनं सुनेला म्हटलं नाही.