निर्माल्याच्या पिशवीतली सुई

दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे, म्हणजे काम बाकीचे करतात आणि मी त्यातली खोट शोधतो. ही सवय ऑफिसातच ठेवून यावी की नाही? पण मी ती रोज कॅबमध्ये बसवून भरे गावातल्या घरी आणतो. बायको वीस वर्षं सोसतेय. सोसायटीला सोसायची वेळ आली ती मी कचरा समितीचा प्रमुख झालो तेव्हा.

प्रमुख झालो म्हणजे काय, मीटिंगमध्ये दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. पण मला वाटलं, आपली योग्यता ओळखली बुवा लोकांनी! पहिल्याच आठवड्यात मी सतरा कलमी नियमावली काढली. ओला, सुका, घातक, निर्माल्य. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून द्या. फुटकी काच जाड कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा. इंजेक्शनच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत, झाकणाला चिकटपट्टी, वर लाल फुली, खाली फ्लॅट नंबर. हे अकरावं कलम. ते मीच लिहिलंय, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

रोज सकाळी आठ वाजता मी पार्किंगमागच्या शेडमध्ये जाऊन लोकांच्या पिशव्या तपासायचो. ओल्यात प्लास्टिक सापडलं की फोटो काढून, फ्लॅट नंबरासकट ग्रुपवर टाकायचो. खाली एक वाक्य जोडायचो, ‘सुशिक्षितांकडून ही अपेक्षा नव्हती.’ लिफ्टमध्ये माझ्याशी बोलायचं लोकांनी बंद केलं. मला तो माझा धाक वाटला.

शेडमध्ये कचरा वेगळा करायला गावातल्या एक मावशी यायच्या. ताडपत्री पसरून, हातात रबरी मोजे चढवून बसायच्या. ते मोजे मीच आग्रहानं दिले होते, आणि ते दिल्याचा फोटोही ग्रुपवर टाकला होता. मावशी माझं सगळं ऐकून घ्यायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, “साहेब, तुमी रोज येताय ते बरं हाय, पर उजेड आडवताय. जरा सरका की.”

आता माझी खोट सांगतो. सहा महिन्यांपासून मी इन्सुलिन घेतोय. घरात बायको सोडली तर कुणाला माहीत नव्हतं. का लपवलं? अहो, रोज सकाळी टेकडीवर चालायला जा, साखर सोडा, माझ्याकडे बघा, असले उपदेश मी त्याच ग्रुपवर दोन वर्षं केले होते. लाल फुलीची बाटली माझ्या फ्लॅट नंबरासकट शेडमध्ये गेली असती तर दुपारपर्यंत तिन्ही इमारतींत बातमी झाली असती. तोरा सोडवेना. मग मी जागा शोधली. तपासताना मी सगळ्या पिशव्या उघडायचो, फक्त निर्माल्याची नाही. देवाची फुलं कोण उचकतंय? म्हणून इन्सुलिनच्या पेनाची नखाएवढी सुई वापरून झाली की कागदाच्या कपट्यात मुरडायची आणि निर्माल्यात, शिळ्या जास्वंदीखाली सारायची. स्वतःच्या हुशारीवर मी खूशही होतो, काय सांगू!

त्या शनिवारी मी शेडमध्ये पोचलो तेव्हा मावशी नळाखाली हात धरून उभ्या होत्या. उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटातून रक्त येत होतं. ताडपत्रीवर झेंडूचा हार अर्धा सुटून पडला होता आणि शेजारी माझी सुई.

“मोजे कुठायत?” मी ओरडलो. बघा, तेव्हासुद्धा मी चूकच काढली.

“बाजूला ठिवलेत,” त्या म्हणाल्या. “देवाची फुलं हायेत ती, साहेब. हाराचा दोरा सोडवावा लागतुया, न्हाईतर खतात गुततोय. मोजं घालून त्याला कसा हात लावायचा? समद्या घाणीतनं ते मोजं फिरत्यात.”

वर्षभर रोज तिथं उभा राहून मी हे एकदाही पाहिलं नव्हतं. मी आपला पिशव्याच बघत होतो.

साबणानं हात धुवायला लावला आणि गाडीत घालून त्यांना पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, “सुई कुणाची? ते कळलं तर त्या माणसाचं रक्त एचआयव्ही-काविळीसाठी लगेच तपासता येईल. नाही कळलं तर यांना कदाचित महिनाभर गोळ्या द्याव्या लागतील, आणि पुढे काही महिने तपासण्या. उद्या सकाळपर्यंत सांगा.”

मी म्हणालो, “चौकशी करतो.” हो, असंच म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

परत येताना मावशी बोट पदरात धरून बसल्या होत्या. भऱ्याच्या फाट्यावर म्हणाल्या, “साहेब, नातीला मीच भरवती. या हातानं भरवू का नको?” मी उगाच हॉर्न वाजवला, पुढे कुणी नसताना.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून म्हणाली, “बाटलीत टाकताय असं मला सांगितलं होतंत. जगाच्या पिशव्या उपसता आणि स्वतःची सुई देवाच्या फुलांत लपवता? आत्ता खाली जाऊन सांगा.” मी म्हणालो, संध्याकाळी मीटिंग आहे, तिथे रीतसर सांगतो. रीतसर!

मीटिंगला क्लबहाउस भरलं. अध्यक्षस्थानी मीच. मावशीही आल्या होत्या, दाराजवळच्या खुर्चीवर, बोटाला पट्टी. मी सुरुवात केली, “आज एक अत्यंत गंभीर प्रकार घडला आहे...” आणि पुढचं वाक्य काही येईना. सुई इन्सुलिनची होती, हे तोवर सगळीकडे झालं होतं. कुणीतरी म्हणालं, चौथ्या मजल्यावरचे आजोबा इन्सुलिन घेतात ना? सगळ्या माना तिकडे वळल्या.

आजोबा ऐंशीच्या घरातले. उठले, काठी टेकत लिफ्टनं वर गेले. त्यांना दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांतही मी तोंड उघडलं नाही. ते परत आले तेव्हा हातात एक जाड बाटली होती. झाकणाला चिकटपट्टी. लाल फुली. खाली कापऱ्या अक्षरात फ्लॅट नंबर. ती माझ्यापुढे टेबलावर ठेवून म्हणाले, “अकराव्या कलमाप्रमाणे आहे. तपासून घ्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सुई माझी आहे.” आवाज इतका बारीक निघाला की मागून कुणीतरी ओरडलं, “मोठ्यानं!” मग मोठ्यानं म्हणालो. आधी आजोबांची माफी मागितली, मग मावशींपुढे जाऊन हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “सकाळी गाडीत इचारलं तवा का न्हाई बोललात?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत मावशींच्या सुनेनं नातीला भरवलं. रिपोर्टमध्ये मावशींना लागण होईल असं काही निघालं नाही. तो कागद घेऊन मी गावात त्यांच्या घरी गेलो, एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांनी दोनदा विचारलं, “म्हंजी भरवू?” मी दोनदा हो म्हणालो. गाडीत येऊन बसलो आणि चक्क रडलो.

प्रमुखपद गेलं, ते आता आजोबांकडे आहे. आमच्या घरातून लाल फुलीची बाटली जाते, फ्लॅट नंबर मी ठळक लिहितो. निर्माल्यात आता फक्त फुलं असतात, बायको स्वतः बघून भरते. ती पिशवी शेडमध्ये मीच नेऊन देतो.

मावशी अजूनही निर्माल्य आलं की मोजे काढून ठेवतात. आजोबांनी सांगून पाहिलं, मीही सांगून पाहिलं, ऐकत नाहीत. चौथा मजला, सहावा मजला, सगळ्यांच्या देवांची फुलं उघड्या हातांनी सोडवतात. परवा मी आमची पिशवी ताडपत्रीवर ठेवली. त्यांनी फ्लॅट नंबर बघितला आणि दोन्ही हातांत मोजे चढवले.