सत्यशीलाचं थांबणं

कुंभार पिंपळगावच्या सत्यशीलाला एका जागी बसवत नसे. जालन्याला येऊन तिला चार वर्षं झाली होती आणि तेवढ्यात तीन नोकऱ्या झाल्या. आधी बियाण्यांची पाकिटं भरली, मग एसटीडी बूथ सांभाळला, आणि २००४ साली ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. वडील आबाराव फोनवर विचारायचे, "कुठं टिकून राह्यती का न्हाई तू?" ती रिसीव्हर ह्या कानाचा त्या कानाला लावायची.

शनिवारी क्लास सुटला की तिथं पाच जण काउंटर-स्ट्राइक खेळत. पाच-पाच जणांच्या दोन टोळ्यांची पडद्यावरची लढाई. दर फेरीला खेळातलेच पैसे मिळतात, जिंकलं तर जास्त, हरलं तर कमी. त्यातूनच पुढच्या फेरीच्या बंदुका घ्यायच्या; मेलेला पुढच्या फेरीला परत उभा राहतो, पण त्याच्याकडं फुकटचं पिस्तूल तेवढं असतं. त्यांच्यातला एक गडी पुण्याला गेला, तेव्हा सत्यशीला बसली. नेम तिचा बेताचाच. पण ही टोळी का हरते हे तिला आठवडाभरात कळलं. लोखंडाच्या कारखान्यात कामाला असलेला देवानंद हाती आलेलं सगळं लगेच उडवायचा, बाकीचेही तेच करायचे, आणि पाचांच्या बंदुका कधी एकदम यायच्याच नाहीत.

"पैसे कमी असले की एक फेरी कुणीच काही घ्यायचं न्हाई," ती म्हणाली. "पुढच्या फेरीला पाचांकडं बराबर बंदुका येतील."

"मंग नुस्तं मरायचं?" देवानंदनं विचारलं.

"एकदा मरायचं."

ते जिंकू लागले. शहरातल्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचले. सोळा फेऱ्या आधी जिंकेल त्याचा सामना. ह्यांच्या तेरा, समोरच्यांच्या चौदा, आणि नुकतीच एक गेलेली. सत्यशीला म्हणाली, "थांबायचं."

चौघं थांबले. पाठीमागं बघणारे हसून राह्यले होते. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. नुसत्या पिस्तुलावर वाट बघत राहणं तिला सोसवेना. तिनं कुणाला न सांगता एक लहान बंदूक घेतली आणि एकटीच पुढं धावली. पहिल्याच वळणावर ती पडली. फेरी गेली.

पुढच्या फेरीला चौघांकडं पुरेसे पैसे होते. तिच्याकडं नव्हते.

"तुझी बंदूक?" देवानंदनं विचारलं.

"मागच्या फेरीत घेतली मी. राहवलं न्हाई."

स्वतःच्या पैशांनी रायफल घेऊन त्यानं ती तिच्यापुढं टाकली आणि आपण पिस्तूल घेऊन निघाला. ती फेरी त्यांनी जिंकली, त्यानंतरची हरले. सामना संपला.

जिन्यात चहा घेताना ती म्हणाली, "माझ्यामुळं गेलं."

"असंल बी," देवानंद म्हणाला. "पण तू सांगितलं म्हणून मी थांबलो. लई जड गेलं मला."

कप तसाच पायरीवर ठेवून ती खाली रस्त्यावर जाऊन आली, परत वर आली.

पुढच्या उन्हाळ्यात ती औरंगाबादला दुसऱ्या कामावर गेली. तोवर दर शनिवारी कधी थांबायचं हे देवानंदच ठरवायचा. तो "थांबा" म्हणाला की ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची.