गुळाआधीचं पान

वडिलांना मधुमेह होता, म्हणून महायुद्ध संपलं त्या साली मी वडूजच्या बाजारातून बेडकीचा पाला नेत असे. तो विकणारा म्हातारा एकटाच, बाजाराच्या कडेला बसायचा. नव्या गिऱ्हाइकाला आधी पान चघळायला लावायचा, मग गुळाचा खडा द्यायचा. गूळ मातीसारखा लागला की म्हणायचा, "पाला खरा हाय. न्या." याहून जास्त बोलत नसे. नाव मीही कधी विचारलं नाही.

एकदा शेजारचा कांदेवाला गूळ वाटत आला. त्याचा मुलगा पलटणीतून सुखरूप परतला होता. म्हाताऱ्याने टोपलीतलं एक पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि मगच दोन्ही हात पुढे करून गूळ घेतला. खाल्ला. म्हणाला, "लय ब्येस झालं गड्या."

कांदेवाला पुढे गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्हालाही मधुमेह आहे का?"

"न्हाई वो. माझा पोरगा बी पलटणीत हाय. त्येच्यासंगं गेलेली समदी आली. दुसऱ्याच्या आनंदाचा गूळ न्हाई म्हनू नये. पर त्यो येईस्तवर मला ग्वाड लागाया नगं."

त्या हिवाळ्यात बाजारात गूळ वाटणारे बरेच आले. दर वेळी त्याचा हात आधी टोपलीत जायचा.

वडील गेल्यावर पाला लागेनासा झाला. तरी दोनेक वर्षांनी मी मुद्दाम त्या बाजूला गेलो. गूळ वाटायला आता कुणी येत नव्हतं. म्हातारा मात्र पान चघळत बसला होता.