ढोलकीवाला कोन हाय?

निघताना अकोल्याच्या बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग सोडली आणि मला न्यायला आलेल्या एजंटला धरलं. "हॉटेलात गानं म्हनता, मंग ढोलकीवाला कोन हाय?" एजंट व्हिसा, खोली, जेवण सगळं सांगत राहिला, ते एक सोडून. बाबांचं आयुष्य भीमगीतांच्या पार्टीत गेलेलं. जिच्या ढोलकीवाल्याचं नाव सांगता येत नाही ती गायन पार्टीच नव्हे, असं त्यांचं मत. हॉटेलात मुली नेमकं काय करतात, ही शंका त्यांच्या डोळ्यांत होती. गल्लीतल्या तुम्हा लोकांच्याही होती, नाही म्हणू नका.

मी सोल गाते, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये पहिल्यांदा गायले तेव्हाच ते ओळखीचं वाटलं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. बाबांच्या मागे कोरसला बसून मी तेच करायचे. इथं बहरीनला अमवाजच्या हॉटेलात, शुक्रवारच्या ब्रंचला ड्रमरच्या ठेक्यावर मी ओळ टाकते आणि लोक कोळंबी उचलतात.

इथं येऊन मीही बाबांवर गेले. मॅनेजर 'इंशाल्ला' म्हणाला की कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही असं धरून चालते. गुदैबिया भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीला आतून दोन कड्या लावते. सगळ्यांत जास्त संशय मिलिंददादांचा. ते हॉटेलचे एसी टेक्निशियन, आमच्याच जिल्ह्यातले, गल्लीत ओळखी असलेले. मी गायला उभी राहिले की नेमका स्पीकरमागचा एसी बघायला यायचे आणि खिशातून फोन डोकावत असायचा. व्हिडिओ काढून गल्लीत पाठवत असणार. माझा बिनबाह्यांचा गाऊन बाबांनी पाहिला तर परत बोलावतील, गाणं संपेल, या भीतीनं माझा सूर हलायचा.

गेल्या शुक्रवारी ब्रेकमध्ये मी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं.

"व्हिडिओ नोय वं ताई," ते ओशाळून म्हणाले. "नुसता कॉल लावेल असते. काकानं सांगतलं, तिले माहित पडू देऊ नको."

कॉल अजून चालूच होता. मी त्यांचा फोन कानाला लावला. पलीकडे बाबा माझी मघाचीच ओळ शब्दांशिवाय गुणगुणत होते, कोरसवाले उचलतात तशी. दर शुक्रवारी ऐकत होते म्हणे. पाळतच ठेवली होती की. मला राग आला आणि रडूही आलं.

घर कुठं, असं कोणी विचारलं तर आता मी अकोला म्हणत नाही, गुदैबियाही नाही. इतका संशय घेऊन कुणीतरी कान लावून बसलेलं असतं, तिथं माझं घर.

मी काही बोलणार तोच बाबांनी विचारलं, "ढोलकीवाला बरा हाय. नाव काय त्याचं?"