आमच्या वाडीचं अपेंडिक्स

नकला करता येणं हे माझं एकमेव क्वालिफिकेशन. तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा अख्ख्या शाळेला अर्धी सुट्टी दिली होती. पण बारावीनंतर माझी पाळी आली ती तीन आठवडे झाले तरी जाईचना. तिला कोणाच्या आवाजात सांगणार, जा आता?

वाडीत दवाखाना नव्हता असं नाही. उपकेंद्र होतं, पण तिथली सिस्टर म्हणजे माझी सख्खी काकू. बाई सोन्यासारखी, फक्त पोटात काही राहत नाही. तालुक्याचा डॉक्टर आधी गळ्याकडे बघणार. मंगळसूत्र नाही? मग नाकातून, "लग्न नाही, मग बायकांच्या डॉक्टरकडे काय काम?" मेडिकलवाला तर पॅडसुद्धा पेपरात गुंडाळून, वर काळी पिशवी लावून देतो, बॉम्ब असल्यासारखा. आणि बाबांनी ठरवलेलंच होतं. पोरीबद्दल बाहेर एक शब्द ऐकू आला की कॉलेज बंद, स्थळं सुरू.

म्हणून आईने मला 'मुंबई बघायला' काळाचौकीला मावशीकडे पाठवलं. जिना चढताना मला चक्कर येत होती. मावशी ऑफिसला निघता निघता म्हणाली, "परळला जा, केसपेपर काढ, बायकांच्या ओपीडीत बस. तिथे कुत्रं ओळखत नाही आपल्याला."

मावशी मंडळाला विसरली.

आमच्या वाडीचं मुंबई मंडळ आहे. वाडीत माणसं कमी, मंडळात जास्त. वाडीतलं कोणीही परळच्या हॉस्पिटलात आलं की मंडळाचा माणूस मदतीला हजर, हा त्यांचा मोठा अभिमान. तो माणूस म्हणजे सेक्रेटरीकाका. कारकुनी करून रिटायर झालेले, खिशाला दोन पेनं, रोज सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी ड्युटी. आणि मग ग्रुपवर मेसेज: कोणाला काय झालंय, कुठला वॉर्ड, रक्त लागेल का. त्या ग्रुपवर मी आहे. बाबा आहेत. काकू आहे. मेडिकलवालाही आहे.

मी खिडकीपाशी पोचले आणि काकांनी वाडीतली पोर ओळखलीच. "गो, तू आपल्या वाडीतला चेडू मां? हयसर कित्याक?"

मेले! "बाथरूमला जाऊन येते काका," म्हणून मी खांबामागे पळाले. काकांचा नंबर वाडीतल्या प्रत्येक कॅलेंडरवर छापलेला असतो, पाठच होता. लावला, आणि आईचा आवाज काढला.

"भावजी, चेडवाच्या पोटात दुखता. अपेंडिक्स असात."

काकांचा आवाज मला डबल येत होता, एकदा फोनमधून, एकदा खांबापलीकडून. "वैनी, काळजी करू नको! मी आसय मां!"

काका होतेच, तोच तर प्रॉब्लेम. त्यांनी मला थेट सर्जरीच्या लायनीत नेऊन बसवलं आणि चहा आणायला गेले. मी तिथून सटकले.

बायकांच्या ओपीडीतली डॉक्टर माझ्याहून थोडीच मोठी होती. तिने गळ्याकडे बघितलंच नाही. पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त तपासायला पाठवलं, सोनोग्राफी लिहिली. म्हणाली, "अगं, अंगात रक्त नाही तुझ्या. इतके दिवस का थांबलीस?"

"काकू सिस्टर आहे," मी म्हटलं.

तिला हे विचित्र वाटलं असणार, पण लिहिता लिहिता थांबली नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि हॉर्मोनच्या. "ह्याच गोळ्या मूल राहू नये म्हणूनही घेतात. दचकू नकोस."

मी दचकले. हे पाकीट वाडीत मागितलं असतं तर माझा बॅनर लागला असता.

बाहेर आले तर दारात काका. दोन हातांत दोन चहा. त्यांनी वरचा बोर्ड वाचला. माझ्या हातातला पेपर वाचला. मग मला वाचलं.

"अपेंडिक्स हयसर बघतत?"

"हो काका. नवीन पद्धत आहे."

काकांनी एक चहा पुढे केला. "बरां. घे, थंड झालो."

मग बाकावर बसले, फोन काढला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. माझं कॉलेज त्या बोटाखाली होतं. ग्रामदेवतेला म्हटलं, आई, एवढं सांभाळ, परत कोणाची नक्कल करणार नाही.

माझा फोन वाजला. ग्रुपवर होतं: 'आपल्या वाडीतील मुलीस अपेंडिक्सचा त्रास. ऑपरेशनची गरज नाही. औषध चालू. कोणीही फोन करून विचारपूस करू नये. – सेक्रेटरी.'

मी वर बघितलं. काका चष्मा पुसत होते.

वाडीत त्याच दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं. आईने फोनवरून ऐकवलं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा अपेंडिक्स जागच्या जागी रवांदे रे म्हाराजा!" आणि सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" हे मी आता इतकं झकास करते की मावशीची अख्खी चाळ हसते. माझा नक्कल न करण्याचा नवस एका दिवसातच मोडला.

आता मी इथेच कॉलेजला आहे. तेव्हापासून वाडीतल्या चार पोरींना अपेंडिक्स झालं. काकू म्हणते, पाण्यातच काहीतरी आहे. काका आता कोणाला सर्जरीकडे नेतच नाहीत. सरळ बायकांच्या ओपीडीच्या दारापर्यंत सोडतात आणि बाकावर पिशवी धरून बसतात.

गेल्या महिन्यात त्यातल्या एकीचं अपेंडिक्स दुसऱ्यांदा आलं. आता ग्रुपला काय सांगणार? काकांनी ग्रुपवर टाकलं: 'मागील अपेंडिक्सचा उरलेला भाग. औषध चालू.'