निळ्या बर्फावरचा काळा दगड

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या फुलबाजारात शेवंती उतरवत होतो. अमरावतीच्या दवाखान्यातून भाऊजी बोलत होते. "गेली," एवढंच म्हणाले... माल तसाच टाकून मी निघालो. त्याला आता महिना उलटून गेला.

माझी थोरली बहीण निर्मला अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. पातूरजवळच्या आमच्या फुलशेतीत वाढलेली ही मुलगी एका मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेली आणि तिथं निळ्या बर्फावर मुठीएवढा काळा दगड तिच्या नजरेस पडला. "तिथं बर्फावर दुसरा दगडच नसते रे. काळं दिसलं का समजाचं, वरून, आभायातून आलं," ती मला सांगायची. तो दगड एका संशोधन संस्थेत ठेवलेला होता, म्हणून दर सुट्टीत ती तिकडे जाई. बाहेर जळालेली पातळ साल, आत कोळशासारखा ठिसूळ गाभा, त्यात बारीक गोल दाणे आणि त्यांच्याभोवती मातीची खनिजं. कार्बनयुक्त कॉन्ड्राइट जातीचा अशनी, हे लवकर कळलं. पण त्या जातीतला नेमका गट ठरवायला त्याचे कागदाहून पातळ काप महिनोन्महिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागले. एकदा तिनं बाबांना फोटो दाखवला. "यातल्या मातीत पानी बांधलेलं हाय बाबा. पृथ्वी पुरती घडाच्या आधीचं."

"पिळलं तं निंगन काय?" बाबांनी गंभीरपणे विचारलं.

"नाई. तापवलं तं निंगते."

बाबांनी चष्मा लावून फोटो पुन्हा हातात घेतला.

मग तिच्या रक्तातच आजार निघाला. काम तिनं सोडलं नाही. हा दगड कुठल्याच ठाऊक गटात बसणार नाही, अशी तिच्या सहकाऱ्यांना आशा होती, आणि तिलाही. पण त्याच बर्फावर पूर्वी दुसऱ्या पथकाला एक दगड सापडला होता. ताईनं त्याचा काप मागवून घेतला. दाणे जुळले, माती जुळली, दगडातल्या ऑक्सिजनची तपासणीही जुळली. दोन्ही एकाच अशनीचे तुकडे निघाले, आणि गटही ओळखीचाच. केमो चालू असताना मी तिच्याजवळ बसलो होतो.

"काहून मागवला ताई तो काप? कोनी म्हटलं होतं काय तुले?"

"मले शंका आली होती. मंग नवा हाय म्हनून कसं लिवू रे? वाईट वाटलं मले... खोटं नाई सांगत."

या दगडावरच्या लेखाचा शेवटचा मजकूर तिनं पडल्या पडल्या सांगितला, भाऊजींनी टाईप केला. लेख स्वीकारल्याची मेल आली तेव्हा ती शुद्धीवर होती. भाऊजींकडून तिनं ती दोनदा वाचून घेतली.

परवा भाऊजींनी तिची मागची खोली उघडली. टेबलावर तिचा स्वतःचा सूक्ष्मदर्शक, त्याखाली काचेवर दगडाचा एक काप. कडेच्या पट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पातूर, आपली विहीर.' आमच्या शेतातल्या विहिरीचा दगड होता तो. मी डोळा लावला. सगळं धूसर दिसलं. भिंगाची जुळणी तिच्या नजरेची होती. बाजूचं चाक फिरवलं असतं तर मला स्पष्ट दिसलं असतं. बोटं चाकापर्यंत गेली... मग मी हात मागे घेतला.